ताण पडलेल्या झुडपांना पाणी कसं पाजावं

नमस्कार मंडळी. मे सरत आलाय, पारा ४२-४३ च्या खाली यायला तयार नाही, आणि आठवडाभर फोनवर एकच वाक्य ऐकतेय : "अक्का, आमची जास्वंद गेली हो." आज इकडे येताना सात रस्त्याजवळ रिक्षा थांबली, तेव्हा तिथली बोगनवेल भरभरून फुललेली दिसली. ऊन तेच, माती तशीच. मग एक फुलते आणि दुसरी वाळते, असं का?

'ताण' हा शब्द सोलापूरकरांना नवा नाही. डाळिंबाचा बहार धरायचा तर शेतकरी महिना-दीड महिना पाणी तोडतो, बागेला मुद्दाम ताण देतो. बोगनवेलीचा स्वभावही तसाच आहे, थोडी तहान लागली की ती फुलते. पण मला आज सांगायचंय ते पुढचं. ताण तोडताना डाळिंबवाला पहिलं पाणी हलकं देतो आणि मग बेताबेताने वाढवत नेतो. आपण घरी नेमकं उलटं करतो. पंधरा दिवस झाड तहानलेलं असतं, आणि नळाला पाणी आलं की त्याच्या बुंध्यात तासभर पाइप सोडून ठेवतो. असं करून मी स्वतः झाड घालवलंय, म्हणून इतक्या कळकळीने बोलतेय.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये गेलं होतं, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी तळाशी गेलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. त्याच दिवसांत मी लेकीच्या बाळंतपणाला तीन आठवडे पुण्याला होते. परत आले तर फाटकाजवळची जास्वंद उघडी पडलेली, पानं सगळी खाली. जीव कळवळला. रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन बादल्या ओतल्या. बाराव्या दिवशी बुंध्याशी हात लावला तर साल सुटून बोटांत आली. उपटून पाहिलं, मुळं काळी पडलेली आणि कुबट वास. मागच्या अंगणातल्या दुसऱ्या जास्वंदीकडे मात्र माझं लक्षच गेलं नव्हतं. तिला भाजी धुतलेलं पाणी मिळायचं, तेवढंच. वर शेवग्याची सावली होती, हेही खरं. तिला जमिनीलगत तीन कोंब फुटले.

आतमध्ये काय होतं ते सांगते. झाड पाणी पितं ते जाडजूड मुळांनी नव्हे, त्यांच्या टोकाशी असलेल्या बारीक पांढऱ्या मुळीने. माती कोरडी पडली की आधी ही पांढरी मुळी मरते. पाण्याची वाफ कमी जावी म्हणून झाड पानांवरची छिद्रं मिटून घेतं, आणि तरी भागलं नाही तर पानं टाकून देतं. म्हणजे पानगळ हा झाडाने जगण्यासाठी केलेला उपाय आहे. अशा झाडापुढे तुम्ही पाण्याचा लोट सोडलात तर ते प्यायला ती पांढरी मुळी शिल्लक नसते. माती चिखल होते, तिच्यातली हवा जाते आणि उरलेली मुळं कुजतात. चिखलात उभं असलेलं झाडही मान टाकतं, आणि आपल्याला वाटतं, अजून तहान आहे.

आपल्या काळ्या मातीचं आणखी एक आहे. ती वाळली की आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगा पडताना बारीक मुळं तुटतात, आणि वरून ओतलेलं पाणी भेगेतून थेट खाली निघून जातं. म्हणून आधी खुरपं घ्या, माती मोकळी करा, भेगा बुजवा, थोडं कुजलेलं शेणखत मिसळा. आळं बुंध्याला चिकटून नको. फांद्यांचा घेर संपतो तिथे करा, कारण पिणारी मुळी तिकडे असते. पहिल्या संध्याकाळी झारीने अर्धी बादली पाणी, तेही थांबत थांबत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. मग एक दिवस सोडून पूर्ण बादली. त्यानंतर मातीत बोट घालून बघा, दोन पेरं कोरडं लागलं तरच पाणी. दुपारी पानं लोंबली म्हणून पाणी घालू नका, ते उन्हाचं असतं. सकाळी सहालाही लोंबलेली असतील तर ती खरी तहान.

कुंडीतली माती पार सुकली असेल तर कडेकडेने पाणी वाहून जातं आणि गड्डा आत कोरडाच राहतो. अशी कुंडी टबात अर्धी बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, नंतर पूर्ण निथळू द्या.

आणि आच्छादन! यावर मी हट्टी आहे. उसाचं पाचट, कडुनिंबाचा पाला, जे मिळेल ते दोन-तीन इंच पसरा, खोडापासून चार बोटं सोडून. पाला जाळताना कुणी दिसलं की मला खरंच वाईट वाटतं.

युरिया मात्र आत्ता नको. एका नर्सरीत मला सांगितलं होतं, "चमचाभर टाका, हिरवंगार होईल." कोरड्या मातीत खत म्हणजे मीठच, ते मुळीतलं पाणी ओढून घेतं. नवी पानं पूर्ण आकाराची होऊ द्या, मग शेणखत घाला. छाटणीचंही तसंच. घाईने छाटलंत तर झाड उरलीसुरली शिदोरी कोंबांवर खर्च करतं आणि मुळीला काही उरत नाही.

कण्हेर आणि बोगनवेल लवकर सावरतात. तगर, कामिनी पानं टाकतात पण परत येतात. मोगऱ्याची फुलं जातात, झाड सहसा जात नाही. एक्झोऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ते पाण्याचं दुखणं नाही. आपल्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या पाण्यावर त्याला लोह घेता येत नाही. तिथे बादल्या वाढवून उपयोग नाही. जास्वंदीला फूट आली की कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण येतो. आठवड्यातून दोनदा सकाळी पानं उलटून बघा, दिसला की पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढा.

वहिनी, तुम्ही पिशवीतून फांदी आणलीत ना, द्या इकडे. झाड मेलंय असं तुम्ही म्हणालात. हे बघा, शेंड्याशी नखाने साल खरवडली : तपकिरी, कोरडी. वीतभर खाली आले, इथेही तपकिरी. आता कापलेल्या टोकाजवळ... मागच्यांना दिसतंय का? सालीखाली ही हिरवी, ओलसर रेघ. मोडूही नका, छाटूही नका. आज ऊन उतरलं की खुरपं घ्या आणि झारीने अर्धी बादली घाला.