फॉरमॅट मारण्याआधी

मंडळी, तुमच्यापैकी बरेचजण उद्यमनगरात काम करता. लेथ एका गाळ्यातनं दुसऱ्या गाळ्यात हलवला की लगेच कोणी जॉब चढवत नाही. लेव्हल लावायची, पाचरी सरकवायच्या, मग कामाला लागायचं. यंत्र तेच, पण जागा बदललेली. कॉम्प्युटर जुन्या हार्डडिस्कवरनं एसएसडीवर, म्हणजे नव्या वेगवान डिस्कवर, नेताना मात्र क्लोन, म्हणजे डिस्कची नक्कल, झाला की आपण काम संपलं म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात एक वर्कशॉपवाले मामा सीपीयू काखेत धरून माझ्याकडं आले. काळ्या स्क्रीनवर एकच ओळ: बूट डिव्हाइस, म्हणजे मशीन जिच्यावरनं सुरू होतं ती डिस्क, सापडत नाही. एका दुकानात त्यांना फॉरमॅट मारायला सांगितलं होतं. "सात वर्षांची बिलं हाईत वो त्यात," म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. मी एसएसडी दुसऱ्या मशीनला लावून बघितली. बिलं जागच्या जागी होती. फॉरमॅट हा शब्द इतक्या लवकर तोंडात येतो, याचा मला खरंच राग येतो.

मग बिघडलं होतं काय? चालू केल्याबरोबर मदरबोर्ड विंडोज शोधत नाही. युईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीनं सुरू होणाऱ्या, मशीनमध्ये तो आधी फॅट३२ या फाइल पद्धतीतलं एक छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक कप्पा, शोधतो, बहुतेक वेळा जेमतेम १०० एमबीचं. त्याला ईएफआय पार्टिशन म्हणतात. त्यात बूट मॅनेजर असतो. बूट मॅनेजर बीसीडी नावाची नोंद वाचतो आणि विंडोज कोणत्या पार्टिशनवर आहे ते त्याला तिथं कळतं. मामांच्या भाच्यानं फक्त सी ड्राइव्ह कॉपी केला होता. हे छोटं पार्टिशन जुन्या डिस्कवरच राहिलं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरनं मशीन सुरू केलं, शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड विंडो उघडली. डिस्कपार्ट या कप्पे पाडणाऱ्या विंडोजच्या साधनात सी थोडा आकसला, मोकळ्या जागेत ईएफआय पार्टिशन करून फॅट३२ केलं, त्याला एक अक्षर दिलं. मग बीसीडीबूट, म्हणजे बूट मॅनेजर आणि बीसीडी नव्यानं लिहिणारी कमांड. त्याला दोनच गोष्टी सांगायच्या: विंडोजचा फोल्डर कुठं आहे आणि नव्या पार्टिशनचं अक्षर कोणतं. इथं पोरं एक चूक हमखास करतात. पेनड्राइव्हवरनं सुरू केल्यावर अक्षरं बदलू शकतात, तुमचा सी तिथं डी दिसेल. आधी फोल्डर उघडून खात्री करा.

या सगळ्याच्या आधी जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा. क्लोनमुळं बऱ्याचदा दोन्ही डिस्कांचा ओळख क्रमांक एकच होतो. दोन्ही जोडलेल्या असल्या की विंडोज एकीला ऑफलाइन ठेवतं, आणि ती ऑनलाइन केली की तिचा क्रमांक बदलतं. मग बीसीडीतली नोंद जुळत नाही. दुसरा धोका जास्त मोठा आहे. मशीन प्रत्यक्षात जुन्या डिस्कवरनं चालू असतं, आपल्याला वाटतं नवीवरनं, आणि आपण भलतीच डिस्क पुसतो.

विंडोजचा लोगो येऊन निळा पडदा आला आणि त्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं असलं, तर बीसीडीच्या मागं लागू नका. विंडोजपर्यंतची वाट सापडलेली आहे, पण डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर मिळत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, डिस्क चालवायच्या एएचसीआय आणि रेड या पद्धतींतला कोणता मोड आहे ते बघा. पूर्वीचा होता तोच लावला की बहुतेक वेळा मशीन उठतं.

जुन्या मशीनची डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असेल तर बूटची सुरुवात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत असते. अशी डिस्क निव्वळ युईएफआयवर चालणाऱ्या नव्या बोर्डाला लावली तर तो तिच्यावरनं सुरूच होत नाही. त्यासाठी २०१७ पासून विंडोज १० मध्येच डेटा न पुसता डिस्कची जीपीटी ही नवी मांडणी करणारं साधन आहे, एमबीआरटूजीपीटी.

मघाशी एका ताईंनी लॅपटॉपची डिस्क बदलायचं विचारलं. ताई, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला विंडोजचं कुलूप, चालू असेल तर डिस्कला हात लावण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर मलाही काही करता येणार नाही. आणि नवी डिस्क एकटी महिनाभर नीट चालेपर्यंत जुनी पुसू नका. तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवा.