नळ्या कशासाठी होत्या?

नमस्कार, श्रोतेहो.

सरकार परदेशात फौज पाठवतं तेव्हा त्याचं कारणही जाहीर करतं. ते कारण खरं की वरवरचं, हे ओळखायचं कसं? नेत्याच्या मनात शिरता येत नाही, पण कागद वाचता येतात. २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला, तेव्हा जाहीर केलेलं एक कारण होतं की इराक अणुबॉम्ब बनवायच्या मागे आहे. म्हणून त्या युद्धाआधीचा एकच पुरावा आज नीट तपासू: ॲल्युमिनियमच्या नळ्या.

२००१ मध्ये इराकसाठी निघालेला या नळ्यांचा माल जॉर्डनमध्ये पकडला गेला. नळीचा बाहेरचा व्यास ८१ मिलिमीटर, लांबी ९००, जाडी ३.३. धातू ७०७५-टी६, म्हणजे विमानांच्या भागांना वापरतात तो भक्कम मिश्रधातू. अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए हिने निष्कर्ष काढला की या नळ्या सेंट्रिफ्यूजसाठी आहेत, म्हणजेच अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रासाठी.

सेंट्रिफ्यूजची खरी जाण होती ती अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातल्या तज्ज्ञांना. त्यांना हे पटलं नाही. सेंट्रिफ्यूजमधल्या प्रचंड वेगाने फिरणाऱ्या नळीची, म्हणजे रोटरची, भिंत पातळ लागते, साधारण एक मिलिमीटरची. या नळ्या तिप्पट जाड होत्या. शिवाय त्यांच्यावर ॲनोडायझिंगचा, म्हणजे गंज रोखणारा, थर होता, जो या कामाला साजेसा नव्हता. १९९१ पूर्वी इराकने मॅरेजिंग पोलाद (एक अतिशय मजबूत पोलाद) आणि कार्बन फायबरचे रोटर वापरून पाहिले होते. ते सोडून तो ॲल्युमिनियमकडे मागे का वळेल? उलट, एका इटालियन रॉकेटची नक्कल करून ८१ मिलिमीटरची रॉकेटं बनवायला इराकने ऐंशीच्या दशकात हाच धातू आणि हीच मापं वापरली होती. थराचंही साधं कारण होतं: आधीच्या नळ्या उघड्यावर ठेवल्याने गंजल्या होत्या.

आता पाहा, ही शंका जनतेपर्यंत पोचली कशी. ऑक्टोबर २००२ च्या अमेरिकी गुप्तचर संस्थांच्या गुप्त अहवालात ऊर्जा खात्याचा आणि परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागाचा विरोध नोंदवलेला होता. त्याच महिन्यात लोकांसाठी काढलेल्या आवृत्तीत त्याचं एक वाक्य उरलं: बहुतेक तज्ज्ञांना नळ्या अणुकार्यक्रमासाठी वाटतात, काहींना साध्या शस्त्रांसाठी. हे 'काही' म्हणजे सेंट्रिफ्यूज ओळखणारे लोक, हे त्यात नव्हतं. जाहीर कारण तपासताना मी सर्वांत आधी ही जागा शोधायला सांगेन. शंका कुणाची होती आणि छापताना तिचं वजन कुठे कमी झालं? पुरावा चुकीचा निघणं ही चूक असू शकते, पण जाणकाराची ओळख पुसण्याचा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो.

दुसरी तपासणी तारखांची. इराकचा सत्ताधीश सद्दाम हुसेन याला हटवणं हे अमेरिकेचं धोरण आहे, असा कायदा ऑक्टोबर १९९८ मध्येच झाला होता. २३ जुलै २००२ च्या ब्रिटिश बैठकीचं टिपण २००५ मध्ये बाहेर आलं. वॉशिंग्टनहून परतलेल्या गुप्तचर प्रमुखाचं निवेदन त्यात आहे: माहिती आणि तथ्यं धोरणाभोवती बसवली जात आहेत. धोरण आधी ठरलं आणि पुरावा मागून आला, हा क्रम माझ्या मते सगळ्यांत बोलका आहे. तेलासाठीच युद्ध झालं, असं ठामपणे म्हणायला मात्र इतका थेट कागद लागेल. तो हाती नसताना मी ते म्हणणार नाही.

तिसरी तपासणी: वेळ मागितल्यावर काय झालं? संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक नोव्हेंबर २००२ मध्ये इराकमध्ये परतले होते. ७ मार्च २००३ रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद एल-बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत सांगितलं की नळ्या रॉकेटांव्यतिरिक्त कशासाठी असल्याचा पुरावा मिळालेला नाही. आफ्रिकेतल्या नायजरहून इराकने युरेनियम घेण्याबद्दलची कागदपत्रं बनावट असल्याचंही त्यांनी तिथेच सांगितलं. उरलेल्या कामाला वर्षं नकोत, आठवडे पुरणार नाहीत, काही महिने लागतील, असं संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्र-निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स म्हणाले. तेरा दिवसांनी हल्ला सुरू झाला. शस्त्रं शोधणं हाच हेतू असता तर शोधणाऱ्यांना ते महिने मिळाले असते. पुढे २००४ मध्ये अमेरिकेच्याच तपास गटाने नोंदवलं की इराकचा अणुकार्यक्रम १९९१ मध्येच थांबला होता.

भारतापुढेही हा प्रश्न आला होता. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने या युद्धाची निंदा करणारा ठराव केला, तेव्हा अध्यक्षपदी मनोहर जोशी होते. नंतर अमेरिकेने इराकमध्ये ठेवायला भारताकडे एका डिव्हिजनएवढी, म्हणजे हजारो सैनिकांची, फौज मागितली. १४ जुलै रोजी वाजपेयी सरकारने नकार दिला आणि संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तरच विचार करू, असं कळवलं.