घोंगडीच्या मागावर आर्क्टिकचा हिशेब

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-अथणीकडच्या माळावर चरणाऱ्या दख्खनी मेंढ्यांची लोकर बहुतांशी काळीच असते. पांढरी लोकर त्या मानाने थोडी मिळते, त्यामुळे सीमाभागातल्या घोंगडीत पांढरा रंग काठापुरता किंवा एखाद्या पट्ट्यापुरता येतो. इथे सांगितलेल्या विणीत मात्र पांढऱ्याची रेलचेल आहे, कारण ती आर्क्टिक समुद्रावरच्या बर्फाचा हिशेब मांडण्यासाठी मागावर चढवली आहे.

उपग्रहांच्या सलग नोंदी 1979 पासून उपलब्ध आहेत आणि आर्क्टिकमधला बर्फ दरवर्षी सप्टेंबरात सर्वांत कमी असतो. म्हणून प्रत्येक सप्टेंबरासाठी 16 आडवे धागे धरले आहेत. एक धागा म्हणजे पाच लाख चौरस किलोमीटर समुद्र; जेवढ्यावर बर्फ उरला तेवढे धागे पांढरे, बाकीचे काळे. 1979 मध्ये सुमारे 70 लाख चौरस किलोमीटर बर्फ होता, म्हणून 14 धागे पांढरे आणि दोन काळे. 2012 च्या सप्टेंबरात तो 34 लाखांच्या आसपास, म्हणजे नोंदींतल्या नीचांकावर आला; तिथे सात पांढरे आणि नऊ काळे.

ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असल्याने उभे धागे ताठ राहतात, आडवा धागा घातला की ठोका बसतो आणि वीण घट्ट होते. हातसुताची जाडी सारखी नसते, त्यामुळे एखादे वर्ष अंगाने भरते, एखादे बारीक दिसते. ही वीण टेपने मोजायची नाही, धागे मोजायचे.

हवामानाचे आकडे कापडात उतरवण्याची कल्पना नवी नाही. ब्रिटनमधल्या रीडिंग विद्यापीठाच्या हवामानशास्त्रज्ञ एली हायवुड यांनी जागतिक तापमानवाढीचे रंगीत पट्टे क्रोशाच्या पांघरुणात विणले होते, आणि त्याच विद्यापीठातल्या एड हॉकिन्स यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेले निळ्या-लाल पट्ट्यांचे चित्र पुढे जगभर पोहोचले. हिमनग आणि पेंग्विन भरतकामात काढणारेही पुष्कळ आहेत. ते काम देखणे असते, पण त्यातून बर्फ किती घटला हे कळत नाही. मागावर मात्र एका वर्षावर दुसरे वर्ष रचल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण म्हणावा लागेल.

काळा आणि पांढरा हे रंग केवळ सोयीसाठी घेतलेले नाहीत. वर ताजे हिम साचलेला बर्फ सूर्यप्रकाशाचा 80 टक्क्यांहून अधिक भाग परत पाठवतो, तर उघडा समुद्र 90 टक्क्यांहून अधिक शोषून घेतो; त्यामुळे पांढरा धागा जाऊन काळा आला की समुद्र आणखी तापतो आणि पुढचा बर्फ विरघळणे सोपे होते.

हा समुद्र बेळगावपासून वाटतो तितका परका नाही. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले की वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये, आर्क्टिकमधल्या कारा समुद्रावरचा उन्हाळी बर्फ घटणे आणि भारतात सप्टेंबरात होणारी अतिवृष्टी यांच्यात संबंध असू शकतो, असे मांडले. ऑगस्ट 2019 मध्ये मलप्रभेच्या पुराने रामदुर्गात विणकरांच्या घरांत पाणी शिरले, त्या पुराचा दोष थेट या बर्फावर टाकता येणार नाही. एका पुराचे खापर एकाच कारणावर फोडणे शास्त्राला धरून नाही.

दक्षिण ध्रुवासाठी मात्र वेगळा ताणा लावावा लागेल. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ अनेक वर्षे थोडा वाढतच होता, 2014 च्या सप्टेंबरात, म्हणजे तिथल्या हिवाळ्याअखेर, तो 200 लाख चौरस किलोमीटरच्या पुढे गेला; पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये उन्हाळ्याअखेरचा बर्फ 18 लाखांच्याही खाली आला. तिथे उन्हाळा फेब्रुवारीत सरतो, म्हणून महिना बदलेल. आणि उन्हाळ्यातला बर्फच मुळात कमी असल्याने एका धाग्याला पाच लाख हे माप तिथे फार ढोबळ ठरेल, एक लाखाचे धरावे लागेल.