पावलं मोजता येतात, घासांचं काय?

[पडद्यावर: कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली छोटी डबी, चालणारे पाय]

या डबीला पडदा नाही, आकडे नाहीत. आहे तो फक्त एक बारीक दिवा. तुम्ही चालायला लागलात की तो लाल लुकलुकतो. दिवसासाठी ठरवलेली पावलं पूर्ण झाली की हिरवा होतो. बाकीचा तपशील हवा असेल तर संध्याकाळी घरी यायचं आणि डबी निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रासमोर धरायची. इन्फ्रारेडवरून दिवसभराचा हिशोब यंत्रात उतरतो आणि आपण कधी चाललो, कधी खुर्चीला चिकटून बसलो, ते पडद्यावर आलेखात दिसतं.

ही डबी ज्या खेळाबरोबर मिळायची, तो नोव्हेंबर २००८ मध्ये जपानमध्ये आला. पुढच्या वर्षी युरोपमध्ये ‘वॉक विथ मी’ आणि अमेरिकेत ‘पर्सनल ट्रेनर: वॉकिंग’ या नावांनी पोचला. खोक्यात अशा दोन डब्या मिळायच्या. एक तुमची आणि दुसरी घरातल्या कुणाची तरी. घरातला कुत्रासुद्धा खेळात नोंदवता यायचा. एकट्याने चालण्यापेक्षा कुणाबरोबर तरी चालणं जास्त दिवस टिकतं, हे बनवणाऱ्यांनी ओळखलं होतं. या खेळातलं मला सगळ्यात आवडलेलं शहाणपण तेच.

खिशातल्या खेळावर ‘डोळे खराब करतो, मान वाकवतो, मुलांना सोफ्यावर खिळवून ठेवतो’ असा आरोप कायम होतो आणि तो खोटा नाही. पण जपानमध्ये याच खेळण्याने लोकांना घराबाहेर काढण्याचे प्रयत्न पंचवीस-तीस वर्षं चालू आहेत. त्यातले काही फसले, तर काही इतके साधले की आजच्या मोबाइल अॅपनी त्यांच्याकडून शिकावं.

[पडद्यावर: जुने पेडोमीटर, १९६० च्या दशकातलं टोकियो]

सुरुवात खेळापासून झालीच नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची हवा होती. १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचा मापक’, हे पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. आज डॉक्टरांपासून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत सगळे जो ‘रोज १० हजार पावलं’ म्हणतात, तो आकडा या यंत्राबरोबर लोकांच्या तोंडी बसला. कुठल्या प्रयोगशाळेत तो सिद्ध झाला आणि मग बाजारात आला, असं घडलेलं नाही.

१९९८ मध्ये निन्टेन्डोने अशा यंत्रात पोकेमॉन खेळातला लाडका प्राणी पिकाचू बसवला. ‘पॉकेट पिकाचू’ पट्ट्याला लावायचा आणि चालायचं. दर २० पावलांना १ ‘वॉट’, म्हणजे खेळातला एक गुण, मिळायचा. ते वॉट पिकाचूला भेट द्यायचे, म्हणजे तो खूष व्हायचा. दुर्लक्ष केलं की रुसायचा. चालण्याचा फायदा काय, किती उष्मांक जळले, असा उपदेश कुठेही नव्हता. मूल चालत होतं ते पिकाचूसाठी.

[पडद्यावर: पोकेवॉकर हातात, अगदी जवळून]

आणि मग २००९ मध्ये आला पोकेवॉकर. पोकेमॉनच्या ‘हार्टगोल्ड’ आणि ‘सोलसिल्व्हर’ या खेळांबरोबर तो खोक्यातच मिळायचा. पोकेबॉलसारखा लाल-पांढरा गोल, मधोमध छोटासा काळा-करडा पडदा, खाली तीन बटणं. खेळातला तुमचा एक आवडता पोकेमॉन यात उतरवायचा आणि खिशात घालून शाळेत जायचं. इथेही २० पावलांना १ वॉट. गवतात लपलेला जंगली पोकेमॉन शोधायला १० वॉट खर्च होतात, म्हणजे एका शोधाला २०० पावलं. जमिनीत पुरलेली वस्तू शोधायला ३ वॉट, म्हणजे ६० पावलं. वॉट साठत गेले की फिरायला नवे रस्ते उघडतात.

हा हिशोब नीट बघा. शाळेतून घरी येताना एक बसथांबा आधी उतरलं तर दोन-तीन शोध जास्त मिळतात. दहा वर्षांच्या मुलाला हे गणित कुणी समजावून सांगावं लागत नाही. आणखी एक गंमत म्हणजे, कितीही चाललात तरी एका फेरीत तो पोकेमॉन एकच पायरी वर जातो. मग परत यंत्राशी जोडायचं आणि पुन्हा निघायचं. एका दिवसात सगळं उरकून टाकण्याची वाट इथे बंद केलेली आहे.

२०११ च्या निन्टेन्डो ३डीएसमध्ये तर वेगळी डबीच उरली नाही. झाकण मिटून यंत्र बॅगेत टाकलं की पावलं आपोआप मोजली जायची. १०० पावलांना एक नाणं. दिवसाला जास्तीत जास्त १० नाणी, साठवता येतात ३००. ती नाणी खेळात वापरायची: चित्रकोड्याचा तुकडा विकत घ्यायला नाहीतर लढाईत सोबती भाड्याने घ्यायला. १० नाणी म्हणजे फक्त १,००० पावलं. आरोग्यासाठी हे कमीच आहे, असं कुणी म्हणेल. पण मला ही मर्यादा फार मोलाची वाटते. आज पाच हजार पावलं चाललात म्हणून उद्याची सुट्टी मिळत नाही. उद्याची १० नाणी उद्याच चालून मिळवावी लागतात. सवय लागते ती अशी.

अर्थात मुलं मुलंच असतात. पोकेवॉकर हातात धरून खुळखुळ्यासारखा हलवला की पावलं वाढतात, हा शोध लागायला त्यांना वेळ लागला नाही. पण निदान हात तरी हलवावा लागत होता. जेवणाच्या बाबतीत मात्र नुसतं खोटं बोललं तरी भागतं, आणि खिशातल्या खेळाचं खरं घोडं तिथे अडतं.

[पडद्यावर: स्वयंपाकघर, ओट्यावर उभं करून ठेवलेलं डीएस]

यंत्राला पाऊल कळतं, कारण पाऊल म्हणजे हिसका आणि हिसका मोजणारा भाग स्वस्त असतो. ताटात काय वाढलंय ते त्याला कळत नाही. ते तुम्हाला विचारतं आणि तुम्ही सांगाल ते खरं मानतं. २००८ मध्ये युबीसॉफ्टने डीएससाठी ‘माय वेट लॉस कोच’ काढला तेव्हा त्यांनी यावर सरळ उपाय शोधला. उष्मांकांची मोठी जंत्री भरायला लावण्याऐवजी खाण्यापिण्याबद्दल साधे प्रश्न विचारायचे आणि छोटी छोटी आव्हानं द्यायची: आज लिफ्ट नको, जिना चढा. सोबत पावलं मोजणारं यंत्रही होतं. ते डीएसच्या खालच्या खाचेत बसवायचं. पण त्याच सुमारास निन्टेन्डोने डीएसआय हे नवं मॉडेल आणलं आणि त्यातून ती खाच काढूनच टाकली. ज्यांनी नवं यंत्र घेतलं त्यांचा पेडोमीटर जोडायचा कुठे? चांगली लागलेली सवय अशा एका खाचेपायीही मोडू शकते, आणि याची मला खरोखर चुटपुट लागते.

त्याच काळातला दुसरा खेळ मला जास्त जवळचा वाटतो. त्याला खेळ म्हणावं का, हाच प्रश्न आहे. ‘पर्सनल ट्रेनर: कुकिंग’. देशोदेशीच्या २४५ पाककृती, आणि त्या यंत्र मोठ्याने वाचून दाखवतं. एक पायरी झाली की तोंडाने सांगायचं, पुढची पायरी येते. हात कणकेत बरबटलेले असताना बटण कोण दाबणार, हा विचार ज्याने केला त्याने स्वतः ओट्याशी उभं राहून स्वयंपाक केला असणार. हा खेळ तुम्हाला जाड म्हणत नाही, बारीकही म्हणत नाही. तो तुम्हाला शेगडीपाशी आणतो. बाहेरून मागवण्यापेक्षा घरी शिजवायला लागलात की तेल किती, मीठ किती, हे तुमच्या हातात येतं.

मुलांच्या खाण्यावर अमेरिकेत खेळांचे प्रयोग झाले आहेत. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या टॉम बॅरनॉव्स्की यांच्या गटाने शाळेतल्या संगणकावर ‘स्क्वायर्स क्वेस्ट’ नावाचा खेळ चौथीच्या मुलांना दिला. २६ शाळा, दीड हजारांवर मुलं. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आला: खेळणाऱ्या मुलांच्या खाण्यात दिवसाला साधारण एका वेळी वाढतात तेवढ्या फळं-भाज्यांची भर पडली. कॉर्नेल विद्यापीठात मोबाइलमधला पाळीव प्राणी वापरला गेला. मुलाने न्याहारीचा फोटो पाठवायचा, त्यावर तो प्राणी खूष होणार नाहीतर हिरमुसणार. नुसतं कौतुक करणाऱ्या प्राण्यापेक्षा, कधी खूष कधी नाराज होणाऱ्या प्राण्याची मुलं जास्त वेळा न्याहारी करू लागली. पॉकेट पिकाचू का चालला, ते यावरून कळतं.

[पडद्यावर: मराठी घरातलं ताट. पोळी, आमटी, भात, भाजी, कोशिंबीर]

आता हे आपल्या घरात आणून बघा. यंत्र विचारतं: किती भाजी खाल्ली? आपण म्हणतो, एक वाटी. कुणाची वाटी? देवाला नैवेद्य दाखवायची की आमटी वाढायची? पोळीला तूप लावलं होतं का, घडीत तेल किती, हे खाणाऱ्याला ठाऊकच नसतं. आणि खरी अडचण याहून मोठी आहे. हे खेळ एकाच माणसासाठी बनलेले आहेत: तोच शिजवणार, तोच खाणार, तोच नोंद करणार. आपल्याकडे खाणारा एक आणि रांधणारी दुसरी. मुलगा किंवा नवरा खेळात ‘आजपासून कमी तळलेलं’ असं बटण दाबतो आणि त्याचं काम वाढतं ते आईचं नाहीतर बायकोचं. ती या खेळात कुठेच नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की, खाण्याची सवय बदलायची असेल तर दुसरी डबी रांधणाऱ्या माणसाला द्यायला हवी. आणि खेळाडूने स्वतः भाजी निवडायला, चिरायला बसलं पाहिजे.

एक धोकाही सांगायला हवा. २००८ मध्ये निन्टेन्डोच्याच ‘वी फिट’ने, जो टीव्हीला जोडून खेळायचा असतो, ब्रिटनमधल्या दहा वर्षांच्या मुलीला ‘जाड’ ठरवलं. वजन आणि उंचीवरून मोठ्यांसाठी काढलेला आकडा मुलांना जसाच्या तसा लागू होत नाही. कंपनीला माफी मागावी लागली. मुलांच्या हातात खेळ देताना पावलं मोजा, खेळाची मिनिटं मोजा, पण वजनाचा आकडा पडद्यावर आणू नका.

[पडद्यावर: २०१६ मधली गर्दी, मोबाइल हातात धरून चालणारी तरुण मंडळी]

जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ आला आणि खिशातल्या खेळाने जगभर रस्ते भरले. भारतात तो अधिकृतपणे डिसेंबरमध्ये रिलायन्स जिओबरोबर आला, पण त्याआधीच मुंबई-पुण्यातली मुलं-मुली तो खटपट करून खेळत होती. त्याच डिसेंबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अमेरिकेतल्या तरुणांचा अभ्यास आला. खेळ घेतल्यावर पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी ९५५ पावलं वाढली. मग दर आठवड्याला वाढ घटत गेली. सहाव्या आठवड्यात सगळे पूर्वीच्या जागी.

हा निष्कर्ष ऐकून लोक म्हणतात, बघा, काही उपयोग नाही. मला तसं वाटत नाही. सहा आठवडे कुणी तुम्हाला घराबाहेर काढत असेल, तर तेवढ्या काळात चालण्याची वेळ आणि रस्ता ठरवून घ्यायचा. जेवणानंतरची वीस मिनिटं, कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत जाऊन परत. खेळ गेला तरी वेळ आणि रस्ता राहतो.

निन्टेन्डोचे २०१५ पर्यंतचे प्रमुख सातोरु इवाता यांनाही असंच काही वाटत असावं. २०१४ मध्ये त्यांनी खेळापलीकडे आरोग्यासाठी वेगळा विभाग काढण्याचं जाहीर केलं, आणि पहिलं यंत्र झोपेवर लक्ष ठेवणारं असेल असं सांगितलं. २०१५ च्या जुलैमध्ये ते गेले आणि पुढे ती योजना बाजूला पडली.

[पडद्यावर: गोल कडं हातात धरून व्यायाम]

२०१९ चा ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’ त्या विचाराच्या जवळ जातो. निन्टेन्डो स्विच खिशात मावत नसलं तरी हातात धरून खेळायचंच यंत्र. त्याच्या कंट्रोलरचा एक भाग गोल कड्यात बसवायचा, दुसरा मांडीला बांधायचा. राक्षसाला मारायचं तर खरोखर उठाबशा काढाव्या लागतात. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून जागच्या जागी धावण्याऐवजी गुडघे वाकवून खेळण्याची सोय आहे, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी ही मोठीच गोष्ट. आणि थोडा वेळ झाला की खेळच विचारतो: आज इथे थांबायचं का? ‘अजून एक डाव’ म्हणून माणसाला बांधून ठेवणाऱ्या धंद्यात हा प्रश्न विचारणं मला फार प्रामाणिक वाटतं.

हे यंत्र आणायला दुकानात धावायची गरज नाही. घरात जुनं ३डीएस असेल तर ते चार्ज करा, नाहीतर मोबाइलमधला पावलांचा आकडा पुरे. पहिला आठवडा काही बदलू नका, नुसतं मोजा. पुढच्या आठवड्यात त्यात ५०० पावलं घाला. १० हजारांची धास्ती नको. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांवर स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये मांडला. रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका २,७०० चालणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी होता, आणि ७,५०० नंतर फायदा फारसा वाढत नव्हता.

खाण्यासाठी एकच आव्हान घ्या, तेही घरातल्या दोघांनी मिळून: रोज रात्रीच्या ताटात एक जास्तीची कोशिंबीर किंवा भाजी. ती आदल्या दिवशी कोण आणणार आणि कोण चिरणार, हे फ्रिजवर नाव घालून लिहा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर चालणं आणि जेवण बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण साखर अचानक उतरू शकते. मुलाला आकड्यांपासून लांब ठेवा. शनिवारी मंडईत त्याला बरोबर न्या आणि आठवड्याची एक भाजी त्याला निवडू द्या. पावट्याच्या शेंगा निवडल्या तर सोलायलाही त्यालाच बसवा.