धुऱ्यावरचा पळस

नमस्कार श्रोतेहो. नांगरणी लागली की आपल्याकडे धुऱ्याची भांडणं निघतात. आमच्या गावी दोन चुलतभावांचं असंच पेटलं, तेव्हा तंटामुक्ती समितीनं दोघांना पारावर बसवलं. दोरी धरायला मी होतो. धुऱ्यावरचा पळस कुणाचा, यातच दुपार गेली. दोरीनं काही मिटलं नाही. ठरलेलं सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचून वहीत उतरवलं, तेव्हा दोघं उठले.

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये याच्या उलट घडलं. तिथं 1972 साली आपल्या जिल्हा परिषदांसारख्या संस्थाच गुंडाळल्या. गावोगावी कारभार उरला परंपरागत सरदारांकडे. निवाडा त्यांचा, दंडही त्यांचाच. गरीब पोराला परवडणार नाही एवढा दंड लागायचा. मग गाव सोडून पळायचं. 1991 साली यादवी पेटली, तेव्हा अशी कितीतरी पोरं बंडखोरांना सापडली. युद्ध 2002 पर्यंत चाललं. हिऱ्यांमुळे झालं म्हणतात. हिऱ्यांनी ते पोसलं खरं, पण राग चावडीवरचाच होता, असं मला वाटतं. 2004 मध्ये परिषदा परत आल्या. सरदार मात्र राहिलेच, बरं का!

नेपाळनं दहा वर्षांच्या यादवीनंतर नवी राज्यघटना केली आणि 753 स्थानिक सरकारं उभी केली. प्रत्येकात तंटे सोडवणारी एक न्यायिक समिती, तिच्या प्रमुखपदी त्या स्थानिक सरकारचा उपप्रमुख किंवा उपाध्यक्ष. 2017 च्या निवडणुकीत या जागांवर बहुतेक बायाच निवडून आल्या.

आणि आपली गडचिरोली? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथं ग्रामसभेत बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. वेळ खाणारी रीत आहे, मान्य. पण हात मोजून ठराव केला की हरलेला अर्धा गाव राग घेऊनच घरी जातो. यानं जिल्ह्यातल्या बंदुका थांबल्या, असं मी म्हणणार नाही. बांबू कधी तोडायचा, हे मात्र तिथं गाव ठरवतं.

आमच्याकडे मागच्या ग्रामसभेला मोजून चौदा माणसं. दोन दिवसांनी वही घरोघरी फिरली. माझ्याही दारात आली. मी म्हटलं, आधी ठराव वाचून दाखव, मग सही. पोरगं पानं चाळत राहिलं. सह्या होत्या, वरची जागा कोरी होती.