चाकाखालचं बटण

कॅडसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर आराखडे काढण्यासाठी, कॉम्प्युटर घेताना रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कोणतं यावर आपण आठवडाभर खल करतो, आणि माऊस मात्र दुकानदार खोक्यात टाकून देईल तो घेतो. दिवसभर हात असतो त्याच्यावरच. म्हणून आज फक्त हाताखालच्या वस्तूंबद्दल बोलू, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या हवेचा हिशेब धरून.

आधी काम ओळखा. चिऱ्याच्या घराचा प्लॅन, होमस्टेचं एलिव्हेशन, कौलारू छपराचा सेक्शन हे ऑटोकॅडमधलं सपाट काम. फायबरच्या होडीचा साचा हे वळणांचं, त्रिमितीतलं काम. दोन्हींना लागणारी साधनं वेगळी.

सपाट कामात सगळा भार चाकावर येतो. चाक फिरवलं की झूम, दाबून धरलं की पॅन, म्हणजे ड्रॉइंग पडद्यावर इकडेतिकडे सरकवणं, दोनदा दाबलं की आख्खं ड्रॉइंग पडद्यावर. साध्या माऊसचं चाक दाबायला ताठ असतं. दाबता दाबता एक खाच फिरतं आणि पॅन करताना झूमही हलतो. दुकानात माऊस जोडून चाक दाबून धरा आणि कर्सर गोल फिरवा, वीसेक वेळा. बोट दुखलं किंवा पकड मध्येच सुटली तर तो माऊस परत ठेवा. मधलं बटण चाकापासून वेगळं असलेले तीन बटणांचे माऊस मिळतात. सोय असेल तर तेच घ्या. पॅनऐवजी स्नॅपचा (रेषेचं टोक, मध्य असे नेमके बिंदू पकडण्याचा) मेन्यू उघडत असेल तर माऊसला दोष देण्याआधी ऑटोकॅडच्या ‘एमबटनपॅन’ (MBUTTONPAN) या सेटिंगची किंमत १ आहे ना, ते बघा. विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा. ते चालू असलं की कर्सर किती सरकणार हे हाताच्या वेगावर ठरतं, आणि हाताला अंदाजच बसत नाही. डीपीआय, म्हणजे माऊसची संवेदनशीलता, ८०० ते १६०० पुरे.

आता हवेचं. खारी, दमट हवा माऊसच्या आतल्या स्विचचे संपर्क खराब करते. मग एकदा दाबलेलं दोनदा नोंदलं जातं. चाकाखालच्या स्विचला हे झालं की पॅन करायला जाता आणि आख्खं ड्रॉइंग एकदम पडद्यावर येऊन बसतं. माणूस ऑटोकॅड पुन्हा इन्स्टॉल करत बसतो, दोष असतो स्विचचा. चाक एका दिशेला फिरवताना मध्येच उलटा झूम झाला, तर चाकाचा एन्कोडर, म्हणजे चाकाचं फिरणं मोजणारा भाग, मळलाय. ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावर चालणारा, एन्कोडर असलेलं चाक इथे जास्त टिकतं. वायरलेस असेल तर गणपतीच्या सुट्टीवर जाताना सेल काढून ठेवा. गळलेला सेल पट्ट्या खाऊन टाकतो. हिरवट थर दिसला तर आधी व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने साफ करून वाळू द्या. माझं मत विचाराल तर इथे वायरचाच माऊस घ्यावा. आणि टेबलावर काच असेल तर कापडी पॅड हवंच, नाहीतर सेन्सर चाचपडतो.

कीबोर्डला उजवीकडचे आकडे हवेत. ४५०० बाय ३६०० मिलिमीटरची खोली काढताना वरच्या ओळीतले आकडे शोधण्यात नजर पडद्यावरून हटते, आणि टाइप केलेला आकडा चुकतो तो तिथेच. लॅपटॉपवर आकड्यांचा सुटा पॅड जोडा. टचपॅडवर ड्राफ्टिंग करूच नये.

होडीच्या कामाला सहा दिशांचा थ्रीडी माऊस खरा उपयोगी. टोपी डाव्या हाताखाली: ढकलली की मॉडेल सरकतं, पिळली की फिरतं. उजवा हात तेवढ्यात वळणाचे कंट्रोल पॉइंट, म्हणजे वळणाला आकार देणारे बिंदू, ओढतो. राइनो या त्रिमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये होडीच्या नाळेकडचं, म्हणजे पुढच्या टोकाचं, वळण चारी बाजूंनी तपासताना हे दोन हातांचं काम फार सोपं पडतं. पहिले काही दिवस मॉडेल भरकटतं; वेग अगदी कमी ठेवा, आणि सुरुवातीला फिरवणं बंद करून फक्त सरकवण्याची सवय करा. नुसते प्लॅन काढणाऱ्याने यावर पैसे घालू नयेत.

पेन टॅब्लेट कच्च्या स्केचला उत्तम, पण एंडपॉइंट (रेषेचं टोक) अचूक पकडायला नाही. क्लिक करताना पेनचं टोक किंचित घसरतं. घ्यायचाच तर सेटिंगमध्ये टॅब्लेट आणि पडद्याचं प्रमाण जुळवा. टॅब्लेट १६:१० आणि पडदा १६:९ असला, की हाताने काढलेलं वर्तुळ पडद्यावर लंबगोल होतं.