उडालं काय, उरलं काय

पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, असं भारतीय मानक सांगतं. दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे अगदी चांगलं म्हणावं असं पाणीसुद्धा लिटरभर आटवलं तर पातेल्यात अर्धा ग्रॅम पूड ठेवून जाऊ शकतं.

घरी पाहायचं तर आरशाचा एक तुकडा घ्या. त्यावर एकेक थेंब ठेवा: बोअरचं पाणी, बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर, पांढरं व्हिनेगर, सॅनिटायझर. धूळ बसू नये म्हणून वर चाळणी पालथी घाला. वाळवायची घाई करून खाली गॅस मात्र पेटवू नका, सॅनिटायझर पेट घेतो. डिस्टिल्ड वॉटरची जागा जवळजवळ स्वच्छ राहते. साध्या पांढऱ्या व्हिनेगरचीही तशीच, कारण ॲसेटिक ॲसिड पाण्यासारखंच उडून जातं. सॅनिटायझर मात्र फसवतो. त्यातला अल्कोहोल सगळ्यात आधी जातो, पण बोट फिरवलं तर चिकट लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात 80 टक्के इथेनॉलबरोबर 1.45 टक्के ग्लिसरीन आहे, हात कोरडे पडू नयेत म्हणून. ग्लिसरीन उडत तर नाहीच, उलट हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून चष्मा सॅनिटायझरने पुसला की काच धुरकट दिसते.

बोअरच्या थेंबाचा डाग नीट पाहा. मधे फिका, कडेला ठळक गोल. थेंबाची कड जागेवर चिकटून बसते आणि तिथलंच पाणी जास्त वेगाने उडतं. ती तूट भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि क्षार तिकडे घेऊन जातं. कॉफीच्या डागाचंही हेच. 1997 साली शिकागोच्या संशोधकांनी त्याचा उलगडा केला. स्टीलची भांडी धुतल्यावर लगेच कोरड्या फडक्याने पुसायची ती यासाठीच. पाणी फडक्यात गेलं की क्षारही त्याच्याबरोबर जातात.

आता कूलर. विदर्भात उन्हाळाभर चालणारं हे क्षार गोळा करायचं यंत्रच म्हणायला हवं. टाकी 50 लिटरची धरा, पाणी 500 मिलिग्रॅमचं. रोज टाकीभर पाणी उडतं आणि तितकंच आपण ओततो. उडतं ते निव्वळ पाणी. क्षार रोज 25 ग्रॅमने वाढतात. दहा दिवसांत टाकीतलं पाणी लिटरला साडेपाच ग्रॅमवर पोचतं, म्हणजे सुरुवातीच्या अकरा पट. प्रत्यक्षात टाकीत थोडं कमी सापडतं, कारण बराच चुना जाळीवर आधीच बसलेला असतो. मग गवत कडक होतं, पाणी एका बाजूने धावतं, उरलेली ताटी कोरडी राहते आणि कूलर गरम हवा फेकतो. लोक पंप बदलतात. पंपाचा दोष नसतो. टाकीत नुसती भर घालत राहणं नडतं. तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा, मग भरा. चुन्याचा थर बसलाच तर सुटा केलेला भाग व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन अर्धा तास भिजवा. फसफसलं तर चुना आहे. जिप्समचा थर फसफसत नाही आणि व्हिनेगरला फारशी दादही देत नाही. ब्लीच टाकलेल्या पाण्यात व्हिनेगर कधीही ओतायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो.

इन्व्हर्टरच्या बॅटरीतही हाच हिशेब. पातळी उतरते ती पाणी गेल्याने. ॲसिड आतच असतं. वरून ॲसिड घातलं तर ते तीव्र होऊन प्लेटा खराब होतात. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओचं पाणी चालत नाही, त्यात थोडे का होईना क्षार असतातच.

शेवटी एक उलटा मासला. लाकडाला लावलेलं जवसाचं तेल ‘वाळतं’, पण उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, सुरुवातीला वजनाने चक्क वाढतं. या क्रियेत उष्णता निघते, म्हणून तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका; आपोआप पेटू शकतात. दोरीवर एकेक सुटी वाळत घाला, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.